बाटलीतला अँटिऑक्सिडंट पोटात गेल्यावर

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळी आठवतात. निरोगी झाडाचा छोटासा तुकडा घ्यायचा, निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर वाढवायचा. एकापासून हजारो सारखी रोपं मिळतात. आता औषधी वनस्पतीही अशा वाढवतात. आणि लगेच दावा येतो, "यात अँटिऑक्सिडंट जास्त, म्हणून हे आरोग्याला चांगलं." माझं भांडण या 'म्हणून'शी आहे.

अँटिऑक्सिडंट जास्त हे ठरतं कसं? एक नेहमीची चाचणी अशी: डीपीपीएच नावाच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकतात. रंग जितका उडेल, तितका अर्क जोरदार. चाचणी खोटी नाही. पण आपल्या रोजच्या चहानेही तो रंग उडतो! अर्क आतड्यातून किती शोषला जातो, यकृत त्याचं काय करतं, पेशींपर्यंत काय पोचतं, हे तो रंग सांगत नाही. शिवाय फ्री रॅडिकल्स म्हणजे निव्वळ शत्रू नव्हेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

माणसांवर तपासलं तेव्हा काय झालं? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. १९९४ साली निष्कर्ष आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही; उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बीटा कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट, गाजरातलंच. पण गाजर खाणं वेगळं आणि त्यातलं एकच रसायन गोळीतून रोज घेणं वेगळं.

मग टिश्यू कल्चर निरुपयोगी? मुळीच नाही. सह्याद्रीतला नरक्या कॅम्पटोथेसिनसाठी बेसुमार तोडला गेला. त्याची रोपं अशी वाढवता आली तर जंगलावरचा भार हलका होईल. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध पूर्वी यू वृक्षाच्या सालीतून काढत, आता वनस्पतीच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही मिळवतात. पण ते औषध ठरलं ते रुग्णांवरच्या चाचण्यांमुळे. त्याचा डोस ठरलेला आहे, दुष्परिणाम माहीत आहेत. टाकीत वाढलं एवढ्यावर कुणी ते रुग्णाला दिलं नाही.

तेव्हा अशी कॅप्सूल कुणी पुढे केली तर तीन प्रश्न विचारा. माणसांवर तपासली का? कोणत्या आजारात, किती डोसमध्ये? माझ्या चालू औषधांबरोबर चालेल का? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी त्यासाठी बंद करू नका. केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल, तर तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय असं काहीही घेऊ नका; काही अँटिऑक्सिडंट उपचाराच्याच आड येऊ शकतात.

अँटिऑक्सिडंट हवेत ना? पालेभाजी, आवळा, पेरू, टोमॅटो आणा. मंडईत मिळतात.