वेगळी चूल, पण शिधा कोणाचा?

एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाने आपली उपकंपनी विलग करावयाचे ठरविले की, तिला आता ‘स्वातंत्र्य’ मिळणार, अशी भाषा वापरण्याचा प्रघात आहे. एकत्र कुटुंबात धाकट्याने वेगळी चूल मांडावी, तसे हे चित्र रंगविले जाते. परंतु शिधा मोजून देणारा हात थोरल्याचाच असेल, तर त्या वेगळेपणाला अर्थ कितपत राहतो? अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांच्या वैमानिकांनी गेली अनेक वर्षे हाच प्रश्न विचारला आहे, आणि घडलेल्या घटना पाहता तो अस्थानी होता असे म्हणता येत नाही.

जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची मातृसंस्था असलेल्या एएमआर महामंडळाने ‘अमेरिकन ईगल’ ही आपली प्रादेशिक कंपनी विलग करण्याचा मानस जाहीर केला. त्याच महिन्यात एअरबस व बोइंग या दोन कारखान्यांकडे मिळून ४६० नव्या विमानांची मागणीही नोंदविण्यात आली. म्हणजे थोरल्या घराचे नूतनीकरण आणि धाकट्याची पाठवणी ही एकाच योजनेची दोन अंगे होती. विलगीकरण पुरे होण्यापूर्वीच, २९ नोव्हेंबर २०११ रोजी, एएमआरने दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाचा आश्रय घेतला. ईगलही त्या अर्जात समाविष्ट होती. त्या दिवशी समूहापाशी सुमारे चार अब्ज डॉलर रोख शिल्लक होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिजोरी रिकामी झाल्यावर न्यायालय गाठले, असा हा प्रकार नव्हता.

वैमानिकांची भीती समजण्यासाठी या व्यवसायाची घडण पाहिली पाहिजे. अशी कंपनी बहुतांश उड्डाणे मोठ्या कंपनीच्या नावाने व रंगात करते. मार्ग, वेळापत्रक आणि भाडे मोठी कंपनी ठरवते. तिकिटेही तीच विकते. प्रादेशिक कंपनी वैमानिक व सेवकवर्ग पुरविते आणि उड्डाणामागे ठराविक मोबदला घेते. इंधनाचा खर्चही बहुधा मोठ्या कंपनीकडेच असतो. तेव्हा काटकसर करावयाची ती प्रामुख्याने मजुरीत, हे ओघानेच आले. कराराची मुदत संपली की स्वस्त बोली लावणारा दुसरा पुरवठादार तयारच असतो. ग्राहक एकच, आणि भावही तोच ठरविणार, अशा स्थितीला अर्थशास्त्रात स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

त्यात वैमानिकाची सेवाज्येष्ठता ही त्याच्या कंपनीपुरतीच असते. पंधरा वर्षांचा अनुभवी कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला, तर त्याला सर्वांत खालच्या पायरीवरून, नवशिक्याच्या वेतनावर, आरंभ करावा लागतो. भांडवल एका रात्रीत दुसरीकडे वळविता येते. माणसाच्या नोकरीची वर्षे बरोबर नेता येत नाहीत. कंपनी विलग होणार या बातमीने भागधारक आनंदतो आणि वैमानिक धास्तावतो, याचे मूळ येथे आहे.

पूर्वानुभवही धीर देणारा नाही. काँटिनेंटलने २००२ साली ‘एक्सप्रेसजेट’चे भाग बाजारात आणून तिला वेगळे केले. पुढे मालक बदलले, २०२० साली युनायटेडने करार संपविला आणि २०२२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. ‘कोमएअर’ मात्र २००० साली डेल्टाने पूर्णपणे विकत घेतली होती. तीही २०१२ साली बंद झाली. म्हणजे घरात राहिल्यानेही अभय मिळतेच असे नाही. प्रश्न निव्वळ मालकीचा नाही, जोखीम कोणाच्या माथी मारली जाते याचा आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विमान वाहतूक हा तुटपुंज्या नफ्याचा धंदा आहे. युनायटेड, डेल्टा, नॉर्थवेस्ट, यूएस एअरवेज हे प्रतिस्पर्धी दिवाळखोरीच्या मार्गाने आपला खर्च आधीच कमी करून बसले होते. त्यांच्याशी टक्कर देताना अमेरिकनला दुसरा उपाय नव्हता, आणि कंपनी समूळ बुडण्यापेक्षा पुनर्रचना बरी, असे व्यवस्थापन म्हणत असे. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु एकाने मजुरी उतरविली म्हणून दुसऱ्याने उतरवावी, हा न्याय कोठवर ताणायचा? अमेरिकेच्या कायद्यात न्यायालयाच्या संमतीने कामगार-करार मोडता येतो. त्या तरतुदीचा धाकच वाटाघाटीत पुरेसा ठरतो.

ईगलचे विलगीकरण अखेर झाले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये एएमआर व यूएस एअरवेज एकत्र आल्या आणि २०१४ साली ईगलचे ‘एन्व्हॉय’ असे नामांतर झाले. त्याच वर्षी वैमानिकांनी सवलतींचा नवा करार मतदानाने फेटाळला, तेव्हा नवी विमाने दुसऱ्यांना दिली जातील असे बजावण्यात आले. परंतु वेतन दाबून ठेवलेल्या व्यवसायाकडे तरुण फिरकेनासे होतात. २०२२ साली वैमानिकांचा तुटवडा असा तीव्र झाला की, याच एन्व्हॉयला वेतनात घसघशीत वाढ करावी लागली. जे विनवणीने मिळाले नाही, ते टंचाईने दिले.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिच्या परिसमापनाचा आदेश दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. साडेपाच वर्षे थकलेल्या पगाराची वाट पाहणे काय असते, हे तेथील सेवकांना विचारावे. आपल्या २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने परिसमापनात कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले, हे योग्यच झाले. मात्र हक्क कागदावर असणे आणि रक्कम हाती पडणे यांत मोठे अंतर असते.

विलगीकरणावर सरसकट बंदी घालावी, असे कोणी म्हणणार नाही. पण विलग होणाऱ्या कंपनीला पुरेसे भांडवल व दीर्घ मुदतीचा करार मिळावा, जुने कामगार-करार तिच्यावर बंधनकारक राहावेत, आणि ती ठराविक मुदतीत बुडाल्यास थकलेल्या पगाराचे उत्तरदायित्व मातृसंस्थेने स्वीकारावे, एवढी अट कायद्याने घालता येईल. नफा वाटून घेताना जे घर एक असते, ते तोट्याच्या दिवशीही एकच मानले जावे, हा साधा व्यवहार आहे.