सूक्ष्मदर्शकामागचा माणूस

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. डॉक्टर, परिचारिका, पोलीस यांच्याविषयीची ती कृतज्ञता उचितच होती. परंतु ज्याच्या अहवालावाचून यांपैकी कोणालाही पुढचे पाऊल टाकता येत नव्हते, तो प्रयोगशाळा तंत्रज्ञ त्या सायंकाळी किती जणांच्या डोळ्यांसमोर होता?

करोनाच्या आरंभी, जानेवारी २०२० मध्ये, साऱ्या देशाची भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेवर होती. मे महिन्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीत पहिले रुग्ण सापडले, तेव्हा इकडचे नमुने नागपूरला जात. भद्रावतीहून नागपूर सुमारे सव्वाशे किलोमीटर. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाहून ते अंतर किती पडते, हे नकाशा पाहणाऱ्याने मोजावे. नमुना थंड ठेवून पोहोचवायचा, त्यातील विषाणूचे जनुकद्रव्य वेगळे करायचे, मग यंत्रात चाळीसएक आवर्तने. सोबत ठेवलेला नियंत्रण-नमुना बिघडला, की सारी तुकडी पुन्हा तपासायची. यंत्र थकत नाही. क्रमांक जुळविणारा आणि थेंब मोजणारा हात थकतो.

जून २०२० मध्ये अँटिजेन चाचणीला मान्यता मिळाली आणि तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात येऊन पोहोचली. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना पंचेचाळीस अंशांत अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढविणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. त्यात साथ आली म्हणून हिवताप काही रजेवर गेला नाही. गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा एक मोठा बालेकिल्ला. पावसाळ्यात ताप दोहोंचाही सारखाच, आणि रक्ताच्या काचपट्टीवर जंतू नाही असे म्हणण्यापूर्वी जाड थराची किमान शंभर क्षेत्रे डोळ्यांखालून घालावी लागतात. क्षयाची थुंकी आणि सिकलसेलचे रक्तही त्याच टेबलावर येते.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणाऱ्या शिक्षकाला हे चटकन उमगेल. शेवटच्या पन्नास उत्तरपत्रिकांवर नजर तितकीच तीक्ष्ण राहिली, असे कोणता प्रामाणिक परीक्षक म्हणेल? मात्र तेथे पुनर्तपासणीची सोय असते. येथे चुकून ‘नाही’ असा अहवाल गेला, तर रुग्ण निःशंक मनाने घरच्या पंगतीत जाऊन बसतो. चुकून ‘आहे’ असा गेला, तर निरोगी माणूस रुग्णांच्या खोलीत जाऊन पडतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात दिवसाला साठ हजारांहून अधिक रुग्ण सापडू लागले. अहवालावाचून खाट अडलेली, अंत्यसंस्कार अडलेला, आणि ‘अजून का नाही?’ हा प्रश्न मात्र जो अहवाल तयार करतो त्यालाच. एकाच वेळी घाईही करायची आणि चूकही करायची नाही, हा तो ताण आहे. घरी गेल्यावर मुलाला जवळ घ्यावे की नाही, ही धास्ती वेगळीच.

भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. दारूगोळा भरणाऱ्याचे हात थकलेले असणे हा धोका आहे, हे तेथे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. विषाणू असलेली नळी हाताळणाऱ्याबाबत हाच न्याय लावताना मात्र ‘सेवाभाव’ हा शब्द पुढे येतो. सेवाभावाने झोप भरून निघत नाही! कामातून येणाऱ्या या दीर्घ थकव्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच घेतली होती, तीही व्यक्तीचा दुबळेपणा म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून.

सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला. ते योग्यच झाले. पण ती तरतूद मृत्यूची. जगून रोज कामावर येणाऱ्याची तरतूद निराळी असते, आणि त्यासाठी काही फार मोठे धन लागत नाही. एका पाळीत किती नमुने, याची मर्यादा आणि चौकशीचे दूरध्वनी घेण्यास दुसरा माणूस, एवढे तरी हवे. यांतील बरेच जण कंत्राटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी सेवेत सामावून घेण्यासाठी संपावर गेले, त्यांत तंत्रज्ञही होते. साथीत ज्याला उसंत मिळाली नाही, त्याला साथीनंतर नोकरीची शाश्वती मागत बसावे लागले. आणि ज्या रुग्णालयात एकच तंत्रज्ञ आहे, तेथे तो तापाने अंथरुणावर पडला, तर त्याच्या रक्ताची काचपट्टी कोणी पाहायची?