गळ टाकण्याआधीची तालीम



या महिन्यात आम्ही तुम्हाला जरा दूरच्या मुलखात नेणार आहोत. विषय मासेमारीचा आहे, पण बाजारासाठी केलेल्या मासेमारीचा नाही. अमेरिकेत जिथे जिथे थंड पाण्याच्या नद्या आणि ओढे आहेत, तिथे 'फ्लाय फिशिंग' करणाऱ्यांचे लहान-मोठे क्लब आढळतात. फ्लाय म्हणजे माशी. गळाला गांडूळ किंवा कोळंबी न लावता पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. ती पाण्यावर इतकी अलगद उतरवायची की ट्राउट माशाला खरा किडाच पडला असे वाटावे. काश्मीर पाहून आलेल्यांना ट्राउट माहीत असेल. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी आणून तिथे तो वाढवला. ही पद्धतही नवी नाही. मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि पिसे बांधून मासे पकडतात, असे एलियन या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

कुणी म्हणेल, हा रिकाम्या लोकांचा उद्योग! आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण हे क्लब वर्षभर काय करतात ते वाचल्यावर आमचे मत बदलले. शिवाय आमच्या हातून घडलेली एक चूकही लक्षात आली. ती पुढे सांगतो.

हिवाळ्यात नद्या गोठतात तेव्हा सभासद संध्याकाळी एखाद्या सभागृहात जमतात. टेबलावर दिवा असतो आणि लहानशा पकडीत गळ घट्ट बसवलेला असतो. शेजारी कोंबडीची पिसे, हरणाचे केस, रेशमी दोरा. सत्तरीतला गृहस्थ दहा-बारा वर्षांच्या पोराला माशी बांधायला शिकवतो. पोराचा दोरा तुटतो आणि दोघे पुन्हा सुरुवात करतात. अनेक ठिकाणी हे वर्ग मोफत असतात. शिकवणाऱ्यालाही कुणीतरी असेच शिकवलेले असते आणि तो ते ऋण पुढे फेडत असतो.

थंडी ओसरली की गवताच्या मैदानावर दोरी फेकण्याचे वर्ग भरतात. तिथे पाणी नाही, मासा नाही, गळसुद्धा नाही. दोरीच्या टोकाला लोकरीचा एक तुकडा बांधलेला असतो. माशीला वजन नसते, म्हणून इथे दोरीचेच वजन फेकावे लागते आणि नुसता जोर लावून काही साधत नाही. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे आणायची. नवशिक्याला हे थांबणेच जमत नाही. तो घाई करतो आणि दोरी त्याच्याच पायांशी गोळा होते. आपण ज्याला सब्र म्हणतो त्याचा हा धडा हातांनीच शिकावा लागतो.

तिसरा वर्ग ओढ्यात भरतो. मुले पाण्यातला दगड उलटा करून त्याच्या खालचे किडे पांढऱ्या ताटलीत घेतात. काही किड्यांच्या अळ्या स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच जगतात. त्या सापडल्या तर ओढा निरोगी समजायचा. त्या नाहीशा झाल्या तर वरच्या बाजूला कोण काय सोडते आहे, याचा शोध घ्यायचा.

इथून या छंदाला खिदमतीचे रूप येते. 1959 साली मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीच्या काठी सोळा मासेमार जमले आणि त्यांनी 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था स्थापन केली. नदीत नुसते पाळलेले मासे आणून सोडण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. नदी सांभाळली तर मासे आपोआप वाढतील, असे त्यांचे म्हणणे होते. आज या संस्थेच्या शाखा देशभर आहेत. सभासद काठावरचा कचरा उचलतात आणि झाडे लावतात, कारण ट्राउटला थंड पाणी लागते आणि पाणी थंड राहायला सावली लागते.

याच मंडळींच्या मदतीने शाळांच्या वर्गात माशांची अंडी वाढवली जातात. थंड पाण्याची टाकी वर्गातच असते. मुले रोज तापमान मोजतात, पाणी तपासतात, पिल्लांना खाऊ घालतात आणि वसंतात त्यांना ओढ्यात सोडून येतात. ज्या मुलाने पिल्लू सोडले, तो त्या ओढ्यात प्लास्टिकची पिशवी टाकताना दहादा विचार करील.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1996 साली व्हरमाँट राज्यात 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' हा उपक्रम सुरू झाला. तो स्तनाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या महिलांसाठी आहे. शस्त्रक्रियेनंतर हात आणि खांदा आखडू नये म्हणून जो हलका व्यायाम सांगतात, त्याच्याशी दोरी फेकण्याच्या हालचालीचे साम्य आहे. शिबिर मोफत असते. नदीकाठी त्या बायका आपल्यासारख्याच इतर बायकांशी मोकळेपणी बोलतात. आपल्या घरांत या आजाराचे नावसुद्धा दबक्या आवाजात घेतले जाते. तिथे निदान बोलायला जागा तरी मिळते.

या छंदाचा एक भाग मात्र आमच्या मनाला पटत नाही. पुष्कळ सभासद मासा पकडतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. इजा कमी व्हावी म्हणून ते बिनकाट्याचा गळ वापरतात आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाहीत. तरीही प्रश्न उरतोच. खाण्यासाठी मासा पकडणे हलाल आहे, यात शंका नाही. पण केवळ करमणुकीसाठी जिवाला त्रास द्यावा का? सजीव प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. याबाबत उलेमांना विचारावे. आम्ही त्या गळापासून दूर राहू, पण त्याआधीची जी तालीम आहे ती अवश्य घेऊ.

आता आमची चूक. आमच्या कोकणात दाल्दी बांधव पिढ्यानपिढ्या समुद्र आणि खाडीवर जगत आले आहेत. आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास गैरहजर राहायचा. कारण विचारले तर म्हणाला, "सर, उधाण असतं. आजोबांबरोबर पाग टाकायला जातो." आम्ही म्हणालो, "मग शाळेत कशाला येतोस? खाडीतच नाव घाल!" वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर खाडीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

गैरहजेरी चूकच होती. पण भरतीच्या कोणत्या वेळी बोय काठाला येते, पिल्ले सुटून जावीत म्हणून जाळ्याचे डोळे केवढे ठेवावेत, हे त्या मुलाला ठाऊक होते. सातासमुद्रापार जे शिकवायला लोक मुद्दाम वर्ग भरवतात, ते आमच्या मागच्या बाकावर बसले होते आणि आम्ही त्यावर मुलांना हसवले.

यंदा आम्ही त्याच्या आजोबांच्या घरी गेलो आणि शाळेत येण्याची विनंती केली. "मी अडाणी माणूस, मी काय शिकवणार?" असे म्हणत का होईना, ते एका शनिवारी आले. ते शिकवायला लागण्याआधी आम्ही सगळ्या वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. जिथे हसवले तिथेच ती मागायला हवी होती. मग आजोबांनी शाळेच्या कोरड्या मैदानावर पाग फेकली. जाळे गोल उघडले आणि शिशाच्या गोळ्या एकदम मातीवर टेकल्या. पोरांनी फेकली तेव्हा तिचे गाठोडे झाले. आजोबा म्हणाले, "घाई केली की जाळं उघडत नाही." नातू शेजारी उभा राहून प्रत्येक भागाचे नाव सांगत होता. त्याची गैरहजेरी अजून पूर्ण थांबलेली नाही. पण आता जाण्याआधी तो आम्हाला सांगतो आणि बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवशी मागून घेतो.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यात असा एक तरी उस्ताद असतो. कुणी जाळे विणतो, कुणी खुशखत लिहितो, एखादी खाला जुन्या कपड्यांची सुरेख गोधडी शिवते. आठवड्याची एक संध्याकाळ आणि चार-पाच मुले, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्याला खिदमतीचे एक काम जोडावे. खाडीचा काठ साफ करावा किंवा विहिरीभोवतीची घाण काढावी. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण लहानपणी ऐकलेली आपण माणसे आहोत. नदीची काळजी घ्यायला आपल्याला परक्या मुलखातून शिकावे लागू नये.

अल्लाह आपल्या हातांना हुनर आणि मनांना सब्र देवो. आमीन.