व्यायाम ही शिक्षा नव्हे, सवय व्हावी



मागच्या वर्षीची गोष्ट. तिसरीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. विषय होता आपलं आरोग्य. मी विचारलं, "व्यायाम का करायचा?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "शरीर निरोगी राहण्यासाठी!" उत्तर शंभर टक्के बरोबर. मलाही बरं वाटलं. मग सहज विचारलं, "काल रविवार होता. काल कोणी कोणी व्यायाम केला?" वर्ग एकदम शांत. पुढच्या रांगेतल्या एका मुलाला म्हटलं, "का रे, तू नाही केलास?" तो अगदी निरागसपणे म्हणाला, "नाही बाई. काल मी काहीच खोड्या केल्या नाहीत."

मुलं हसली, मीही हसले. पण संध्याकाळी एसटीत बसल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्या मुलाच्या लेखी व्यायाम म्हणजे खोडी केल्यावर मिळणारी शिक्षा! पुस्तकातलं उत्तर त्याला पाठ होतं, पण अनुभवातून तो वेगळंच शिकला होता. आणि हा अनुभव त्याला दिला कोणी? दुसऱ्या कोणी नाही, मीच दिला होता.

व्यायामाची शिक्षा, खाऊचं बक्षीस

गृहपाठ केला नाही, काढ दहा उठाबशा. वर्गात गडबड केली, मार मैदानाला दोन फेऱ्या. गणितं पूर्ण झाली नाहीत, बस खेळाच्या तासाला वर्गात. आपल्यापैकी किती जणांनी हे कधीच केलेलं नाही? मी तरी हात वर करू शकत नाही. छडी मारण्यापेक्षा उठाबशा बऱ्या, तेवढाच व्यायाम होतो, असं मी स्वतः म्हणत आले.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, हे आपण सगळे जाणतो. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरा प्रश्न उरतोच. वर्गासमोर मान खाली घालून उठाबशा काढणारं मूल त्यातून काय शिकतं? शरीराला घाम येणं म्हणजे अपमान. शहाणं मूल ते, जे हाताची घडी घालून गप्प बसतं. पुढे मोठेपणी तेच मूल व्यायामाचा कंटाळा करतं, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो.

घरी याची दुसरी बाजू दिसते. "शहाण्यासारखा वागलास तर चॉकलेट देईन." "पाहुण्यांसमोर कविता म्हण, मग दुकानातलं पाकीट आणू." म्हणजे शिक्षा म्हणून व्यायाम आणि बक्षीस म्हणून तळलेलं, गोड, खारट. आपला हिशोबच उलटा बसलाय. जे आवडावं असं वाटतं ते आपण शिक्षेत टाकलं आणि जे कमी व्हावं असं वाटतं ते बक्षिसाच्या ताटात वाढलं. वर भिंतीवर सुविचार लिहिला, "आरोग्य हीच खरी संपत्ती."

माहिती आहे, पण होत नाही

आता थोडं स्वतःविषयी सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात शिक्षकांसाठी आरोग्य तपासणी शिबिर झालं. माझी साखर अगदी सीमारेषेवर निघाली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, औषध लगेच नको, पण चालायला लागा." वय छत्तीस. व्यायामाचे फायदे मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आले होते! डी.एड.ला शारीरिक शिक्षणाची पाठ टाचणं मन लावून काढली होती. माहितीची कमतरता अजिबात नव्हती.

तरी काय झालं? एक जानेवारीला मी मोठा संकल्प केला. पहाटे पाचला उठायचं, मोबाईलवर मोजून रोज दहा हजार पावलं. चौथ्या दिवशी डबा करायला उशीर झाला, एसटी चुकली आणि संकल्प संपला. पुढे कुठेतरी वाचलं की हा दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. तिथून तो आकडा जगभर गेला. आणि मी तो गाठता आला नाही म्हणून चालणंच सोडून दिलं होतं!

शेवटी जमलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण त्यांना एकटीने जायला नको वाटायचं. रात्री जेवण झालं की त्या दारातून हाक मारायच्या, "निघायचं ना गं?" मग नाही कसं म्हणणार? सुरुवातीला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचो, जेमतेम पंधरा मिनिटं. आता अर्धा तास होतो. त्यात व्यायाम कमी आणि गप्पा जास्त, असं माझे यजमान म्हणतात. म्हणू देत. पण चालणं टिकलं आहे.

यातून मला तीन गोष्टी कळल्या. सवय लागायला सोबत लागते, वेळ ठरलेली लागते आणि सुरुवात लहान लागते. एकवीस दिवसांत सवय लागते असं आपण ऐकतो, पण तेही तितकं खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५० पेक्षाही जास्त. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यांना दिसलं. आपण मात्र एक दिवस चुकला की सगळंच सोडून देतो.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२४ च्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यास सांगतो की भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या वर्गातल्या मुलांची ही साठ मिनिटं रोज भरतात का? एकदा प्रामाणिकपणे मोजून बघा.

पंधरा मिनिटांची फेरी

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातील सेंट निनियन्स प्राथमिक शाळेत २०१२ साली एलेन वायली नावाच्या मुख्याध्यापिकांनी एक साधा उपक्रम सुरू केला. मुलांनी रोज पंधरा मिनिटं वर्गाबाहेर जाऊन धावायचं किंवा चालायचं. वेगळा गणवेश नाही, साहित्य नाही, नंबर नाही. त्याला पुढे 'डेली माईल' हे नाव मिळालं आणि तो अनेक देशांतल्या हजारो शाळांत पोचला.

मला त्यातली 'नंबर नाही' ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडे क्रीडास्पर्धेत पळणारी मुलं ठरलेली असतात. बाकीची टाळ्या वाजवायला. माझ्या वर्गात एक जरा जाड मुलगी होती. धावण्याचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं. ते पोट का दुखत होतं, हे समजायला मला खूप उशीर लागला.

त्या मुलाच्या उत्तरानंतर आम्ही वर्गात दोन नियम केले. पहिला, यापुढे शिक्षा म्हणून उठाबशा, फेऱ्या बंद आणि खेळाचा तास कापणंही बंद. दुसरा, परिपाठ झाल्यावर रोज पंधरा मिनिटं मैदानाला फेऱ्या. धावायचं त्याने धावावं, चालायचं त्याने चालावं, पण थांबायचं नाही. शिट्टी नाही. आणि बाईंनीही चालायचं! हा शेवटचा नियम मुलांनीच घातला.

पहिले काही दिवस मुलांनी शर्यतीच लावल्या. दोघे पडले, एकाचा गुडघा फुटला, त्याच्या आजी दुसऱ्या दिवशी मला जाब विचारायला आल्या. हळूहळू मुलं आपापल्या चालीला लागली. ती मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर चालायची, घरच्या शेळीच्या गोष्टी सांगत. दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "बाई, तुम्ही हळू चालता. मी जाऊ पुढे?" मी म्हटलं, "जा बाई, जा!" तिचं वजन कमी झालं का, ते मी मोजलं नाही. तिचं पोट दुखायचं थांबलं, एवढं मात्र सांगू शकते.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो, तेव्हा फेरी बंद पडते. मग व्हरांड्यात 'शिवाजी म्हणतो', वर्गात बाकं सरकवून लंगडी, दोरीउड्या असं काही करतो. परीक्षांच्या दिवसांत मीच दोनदा टाळाटाळ केली. पण पुन्हा सुरू केलं, कारण मुलं आठवण करून देतात.

"पण मॅडम, वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनी विचारला आणि तो खोटा नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, चाचण्या. रोजची पंधरा मिनिटं म्हणजे आठवड्याचा दीड तास. तो कुठून तरी काढावाच लागतो.

माझं म्हणणं एवढंच, की तो वाया जात नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० मध्ये शाळेतल्या शारीरिक हालचालीवरील ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या साधारण निम्म्या नोंदींमध्ये अभ्यासाला मदत झालेली दिसली, उरलेल्यांमध्ये फरक पडला नाही. नुकसान झाल्याचं जवळजवळ कुठेच आढळलं नाही. माझा अनुभवही तसाच आहे. फेरीनंतरच्या गणिताच्या तासाला "गप्प बसा" कमी वेळा म्हणावं लागतं.

पालकांशी थोडं

पालक सभेत हा विषय काढला तेव्हा एक बाबा म्हणाले, "मॅडम, आम्ही दिवसभर रानात राबतो. आम्हाला कसला व्यायाम सांगता?" त्यांचं बरोबर होतं. खुरपणी, पाणी धरणं, ओझी उचलणं ही सगळी शरीराची हालचालच आहे. मी एवढंच म्हटलं, "तुमचं होतं दादा, पण पोरांचं होतं का?" आपण शाळेला चालत जायचो, संध्याकाळी सूरपारंब्या, विटीदांडू, लगोरी खेळायचो. आज मूल गाडीवरून शाळेत येतं, गाडीवरून घरी जातं आणि मोबाईल घेऊन बसतं. मूल घरात गप्प बसलंय म्हणून आपणही निर्धास्त होतो.

माता पालकांच्या मेळाव्यात भाषण द्यायचं मी मुद्दाम टाळलं. म्हटलं, "चला, फुगडी घालूया." आधी सगळ्या लाजल्या. मग एका आजींनी पदर खोचला, आणि पुढची वीस मिनिटं फुगडी, झिम्मा, कोंबडा असं चालूच राहिलं. धाप लागली, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. 'व्यायाम' हा शब्द कोणीच काढला नाही. जाताना एक ताई म्हणाल्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा खेळले बघा." हे ऐकून मला बरंही वाटलं आणि वाईटही.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, हे आपण वाचलेलं असतं. पण त्याआधी ते स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत होते. मुलं आपलं ऐकतात कमी, आपल्याकडे बघतात जास्त. आपण खुर्चीत बसून "खेळायला जा" म्हटलं, तर त्याला किती वजन राहणार?

एवढं तरी करूया

शिक्षकांसाठी:
१. उठाबशा, फेऱ्या ही शिक्षा आजपासून बंद. खेळाचा तास हा मुलांचा हक्क आहे, तो कापायचा नाही.
२. रोज दहा-पंधरा मिनिटं ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हालचाल करायची. नंबर नाही, तुलना नाही.
३. आपणही मुलांबरोबर मैदानात उतरायचं. साडी किंवा बूट यांचं कारण नको, चालायला काहीच लागत नाही.

पालकांसाठी:
१. बक्षीस म्हणून पाकीट आणि चॉकलेट देणं कमी करा. बक्षीस म्हणून मुलाबरोबर अर्धा तास खेळा. आमच्या वर्गात वाढदिवसाला आता पेरू, केळी किंवा राजगिऱ्याचा लाडू येतो, आणि मुलांची काही तक्रार नाही.
२. जेवल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून एक फेरी मारा. मोबाईल घरीच ठेवा.
३. एखादा दिवस चुकला तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

मागच्या महिन्यात जोराचा पाऊस आला. परिपाठ वर्गातच घेतला आणि मी हजेरी घ्यायला बसले. तोच खोड्यांवाला मुलगा, आता चौथीत आहे, दारात येऊन बाहेर बघत उभा राहिला. मग वळून म्हणाला, "बाई, आम्ही काय केलं? आज फेरी का नाही?"

वर्षभरापूर्वी फेरी म्हणजे त्याला शिक्षा वाटायची. आता फेरी नाही म्हणजे शिक्षा वाटते. माझ्या वर्गात एवढा बदल झाला. तुमच्याही वर्गात आणि घरात होऊ शकतो. फक्त उपदेश थोडा कमी करूया आणि मुलांबरोबर दोन पावलं चालूया.