विजेच्या कारभारात घराचा आवाज

मध्यंतरी एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी वर्तमानपत्राचे एक पान हाती घेऊन आमच्याकडे आल्या. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक जाहीर सूचना छापली होती. "भावजी, तुम्ही दिवसभर सरकारी भाषेचे मराठी करता, हे एवढे माझ्यासाठी सोपे करून सांगा," त्या म्हणाल्या. विजेच्या दरासंबंधी ज्या नागरिकांना हरकती वा सूचना मांडावयाच्या असतील त्यांनी त्या वीज नियामक आयोगाकडे लेखी पाठवाव्यात, असा तिचा आशय होता. मी तो सांगताच वहिनी हसून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला विचारतात होय? मला वाटले, बिल येते आणि आपण ते भरावे, एवढाच आपला संबंध."

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांची समजूत वहिनींसारखीच आहे. वस्तुतः कायदा तसे म्हणत नाही.

आमच्या आर. के. पुरममधून रिंग रोड ओलांडून सरोजिनी नगरात गेले की विजेचा धनी बदलतो. तिकडे वीजपुरवठा नवी दिल्ली नगरपरिषदेचा. इकडे मात्र खाजगी भांडवल व दिल्ली सरकार यांच्या भागीदारीतील कंपनीचा. पूर्वी असे नव्हते. १९५८ साली दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा शहराची वीज तिच्याच एका उपक्रमाकडे आली. १९९७ मध्ये त्या उपक्रमाचे वीज मंडळ झाले आणि १ जुलै २००२ पासून वितरणाचे काम तीन कंपन्यांत वाटले गेले. मुंबईकर वाचकांना 'बेस्ट'चे उदाहरण जवळचे वाटेल. ७ ऑगस्ट १९४७ रोजी तो उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. वीज नगरपालिकेची असली म्हणजे नागरिकाला निदान आपला नगरसेवक गाठता येतो. कंपनीची झाली म्हणजे त्याने कोणाचे दार ठोठवावे?

याचे उत्तर २००३ च्या वीज कायद्यात आहे. त्याच्या ८७ व्या कलमान्वये प्रत्येक राज्याच्या नियामक आयोगाला एक सल्लागार समिती नेमता येते. तीत जास्तीत जास्त २१ सभासद असावेत आणि व्यापार, उद्योग, वाहतूक, शेती, कामगार, ग्राहक, स्वयंसेवी संस्था व संशोधन संस्था यांचे प्रतिनिधित्व त्यांनी करावे, असे कायदा सांगतो. धोरणाचे मोठे प्रश्न, पुरवठ्याचा दर्जा व सातत्य आणि ग्राहकाचे हितरक्षण या विषयांवर या समितीने सल्ला द्यावयाचा असतो. शिवाय ६४ व्या कलमानुसार लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेतल्यावाचून आयोगाला दराचा आदेश काढता येत नाही. सल्ला हा सल्लाच असतो, तो बंधनकारक नसतो, हे खरे. तथापि लेखी हरकत दप्तरात नोंदली जाते, तिला कंपनीला उत्तर द्यावे लागते आणि तिचा परामर्श आदेशात घ्यावा लागतो. मनातल्या मनात केलेल्या कुरकुरीला हे भाग्य लाभत नाही.

"पण भावजी, दराशी हवामानाचा काय संबंध?" वहिनींनी विचारले. सूचनेत सौरविजेचाही उल्लेख होता.

संबंध फार निकटचा आहे. आपल्या देशाच्या जाळ्यातील एक युनिट वीज तयार होताना सरासरीने सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. महिन्याला ३०० युनिटे वापरणाऱ्या घराच्या खाती दरमहा दोनशे किलोंहून अधिक वायू जमा होतो. कंपन्या जनित्रकेंद्रांशी वीजखरेदीचे करार करतात, ते पुष्कळदा २५ वर्षांचे असतात. आज कोळशाच्या विजेवर सही झाली, तर आजचे शाळकरी मूल संसाराला लागेपर्यंत तिचे बिल व तिचा धूर दोन्ही चालू राहतात. कोणती वीज घ्यावी हा प्रश्न आयोगापुढे येतो आणि म्हणूनच तो आपल्यापुढेही येतो.

गरजही वाढतच आहे. २००२ मध्ये दिल्लीची सर्वोच्च मागणी तीन हजार मेगावॉटच्या आत होती. १९ जून २०२४ रोजी ती ८,६५६ मेगावॉटवर गेली. उन्हाळा तापतो म्हणून यंत्रे लावावयाची आणि यंत्रांसाठी कोळसा जाळावयाचा, म्हणजे उन्हाळा आणखी तापतो, असे हे रहाटगाडगे आहे.

या बाबतीत पुण्याचा अनुभव बोधप्रद आहे. २००६ साली महाराष्ट्रात विजेचा तुटवडा असता, पुण्यातील कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत, त्यामुळे वाचणारी वीज शहराला मिळावी आणि जास्तीचा खर्च शहरातील ग्राहकांनी सोसावा, अशी योजना निघाली. आयोगाने तिच्यावर जाहीर सुनावणी घेतली. उद्योजक बोलले, 'प्रयास'सारख्या अभ्यासू संस्था बोलल्या, आणि कमी वीज वापरणाऱ्या घरांवर तो अधिभार पडू नये अशी तजवीज झाली. पुण्याचे भारनियमन थांबले. पण जनित्रे तेलावर चालत, त्यांचा धूर शहराच्याच हवेत मिसळे. चर्चा झाली म्हणजे निर्णय निर्दोष होतो असे नव्हे. त्याचा भार कोणावर पडतो हे मात्र उघड्यावर येते.

परदेशांतही हा विचार रुजला आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहराची वीजसंस्था नगरपालिकेच्या मालकीची आहे. तेथे नागरिकांचे एक मंडळ नगरसभेला वीज व हवामानविषयक धोरणासंबंधी सल्ला देते आणि त्याच्या बैठका सर्वांना खुल्या असतात.

हे सारे ऐकून वहिनी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवसा सूर्याची वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असे दर आता येणार म्हणतात. उन्हाने वीज होते तेव्हाच ती वापरावी, हे मला पटते. पण दिवसा आमचे घर कुलुपात असते. दोघेही कचेरीत, मुले शाळेत. स्वयंपाक, अभ्यास, कूलर, सारे संध्याकाळीच. वरच्या मजल्यावर सासूबाई रात्रभर तापलेल्या गच्चीखाली निजतात. मग ते स्वस्त तास कोणाच्या उपयोगाचे?"

मी निरुत्तर झालो. हा प्रश्न तज्ज्ञाच्या आलेखात सहसा दिसत नाही. तो स्वयंपाकघरातच दिसतो. सल्लागार समितीत ग्राहकाची खुर्ची ठेवली आहे ती याचसाठी.

आम्ही त्याच रात्री अर्ज लिहावयास बसलो. वहिनी सांगत गेल्या, मी हिंदीत उतरवत गेलो. तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, संध्याकाळचा वाढीव दर ठरविताना ठरावीक मर्यादेपर्यंतचा घरगुती वापर वगळावा. दुसरी, वसाहतीतील पाणी चढविण्याचे पंप शक्यतो दुपारी, सौरविजेच्या वेळी चालवावेत व त्यासाठी सवलत असावी. तिसरी गोष्ट गच्चीची. सरकारी निवासातील गच्ची आपली नव्हे, तीवर आपल्याला सौरपट लावता येत नाहीत. पण अन्यत्र उभारलेल्या सौरपटांच्या विजेतील वाटा आपल्या बिलात वळता करून घेण्याची सोय दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्ये केली आहे. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांनाही ती सुलभ व्हावी.

अर्ज एका पानात मावला. त्यात रागाचा शब्द नव्हता. बाराही महिन्यांच्या बिलांतील युनिटे मात्र होती. आकड्यांसह लिहिलेली हरकत बाजूला सारणे कोणालाही अवघड जाते.

त्यातले किती मान्य होईल हे सांगता येत नाही. कदाचित काहीच होणार नाही. पण खाली सही करताना वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सासूबाईंचीही सही घेऊ का? उकाडा त्यांनाच सर्वांत जास्त होतो." थोड्या वेळाने वृद्धेची थरथरती सही कागदावर उमटली.

वाचकहो, तुमच्या गावच्या वर्तमानपत्रातही अशी सूचना येत असेल. तिच्यावर वाणसामान बांधण्यापूर्वी ती एकवार वाचून पाहा.