घोडा हवा, पण घाम नको!

चित्रकलेच्या दरबारात मुक्या जनावरांना मानाचे आसन सहसा मिळालेले नाही. फ्रेंच अकादमीच्या आंद्रे फेलिबियाँ यांनी १६६७ मध्ये चित्रविषयांची जी उतरंड रचली, तिच्या तळाशी फळाफुलांची निर्जीव मांडणी होती. तिच्यावर निसर्गदृश्य, त्याच्यावर जिवंत जनावरे आणि शिखरावर मनुष्य व त्याचा पराक्रम. ही उतरंड केव्हाच फुटली, असे कलासमीक्षक आपल्याला सांगतात. प्रत्यक्षात मात्र घोडे, गुरे आणि गुराखी रंगविणाऱ्या चित्रकाराचे नाव निघाले, की त्याच समीक्षकांच्या ओठांवर एक स्मित उमटते आणि 'कॅलेंडर' हा शब्द कानी येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातील राँचचे, म्हणजे हजारो एकरांच्या चराऊ मुलखावरील गुरांच्या खिल्लारांचे व त्यांना राखणाऱ्या घोडेस्वारांचे, जीवन रंगविणारी जी मोठी परंपरा आहे, तिची बोळवण तर 'कथाचित्रे' या एका शब्दात केली जाते.

या तुच्छतेला माझा विरोध आहे. पण तितकाच विरोध या परंपरेच्या भाबड्या भक्तांनाही आहे. त्यांना मावळतीच्या तांबूस उजेडात आयाळ उडवीत धावणारा घोडा हवा असतो. त्याच्या पाठीवर खोगिराने पडलेला व्रण नको असतो. समीक्षक जनावराकडे पाहत नाहीत, कारण ते त्यांना क्षुद्र वाटते. भक्तही पाहत नाहीत, कारण त्यांना आपले स्वप्न पाहायचे असते. दोघांच्याही दृष्टीतून जनावर निसटते. अशा चित्रांची परीक्षा विषयावरून करू नये, दोन प्रश्नांवरून करावी, असे माझे म्हणणे आहे: चित्रकाराला ते जनावर खरोखर ठाऊक होते काय? आणि त्या जनावराचे कष्ट व मरण त्याने झाकून ठेवले काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोरांनी किती किंमत मोजली, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज यांनी लिंकनशायरमधील एका खेडेगावात सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड करून त्यांचे स्नायू, शिरा व हाडे यांची रेखाटने केली. त्यांचा घोड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेला त्यांचा 'व्हिसलजॅकेट' पाहा: मागे निसर्ग नाही, पाठीवर स्वार नाही, खोगीर नाही, जवळजवळ पूर्ण आकाराचा एक घोडा, एवढेच चित्र. ज्याला घोडा आतून ठाऊक होता, त्यालाच बाकीचे सारे पुसून टाकण्याचे धैर्य झाले.

फ्रान्सच्या रोझा बोनर यांची गोष्ट याहून बोलकी आहे. 'घोडेबाजार' या प्रचंड तैलचित्रासाठी त्या सुमारे दीड वर्ष आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटने करीत. स्त्रीने तेथे उभे राहणे कठीण, म्हणून त्या पुरुषी वेषात जात. पुरुषी पोशाखासाठी त्या काळी पोलिसांचा परवाना लागे. शरीररचना समजावी म्हणून त्यांनी कत्तलखान्यांचेही उंबरठे झिजविले. हे चित्र १८५३ च्या सलाँ प्रदर्शनात मांडले गेले. पाच मीटरांहून अधिक रुंदीचे ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यातील घोडे भारवाहू आहेत. त्यांच्या पुठ्ठ्यांवर बळ आहे आणि डोळ्यांत भय आहे. त्याआधी १८४९ मध्ये त्यांनी नांगर ओढणाऱ्या बैलांचे जे चित्र केले, त्यात माणसे दुय्यम आहेत. चित्राचे नायक बैल आणि उलटलेली माती. फेलिबियाँची उतरंड फोडली असेल तर ती अशा चित्रांनी. कोण्या जाहीरनाम्याने नव्हे.

आता अमेरिकेकडे वळू. टेक्सासमधून गुरांचे तांडे उत्तरेकडे रेल्वेस्थानकांपर्यंत हाकीत नेण्याचा, ज्याला आपण 'काउबॉयचा काळ' म्हणतो तो, जेमतेम वीस वर्षे टिकला. १८६७ मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन हे गुरांच्या व्यापाराचे ठाणे झाले. १८७४ मध्ये काटेरी तारेचे ग्लिडनचे पेटंट निघाले आणि मोकळ्या कुरणांना कुंपणे पडू लागली. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्याने उरलेसुरले संपविले. ज्या जीवनावर शंभराहून अधिक वर्षे चित्रे निघत आहेत, ते जीवन एका पिढीएवढेही जगले नाही. बहुतेक चित्रे स्मृतीची आहेत, आणि स्मृती ही फार लबाड चित्रकार असते.

तरीही या परंपरेत प्रामाणिक माणसे होऊन गेली. चार्ल्स रसेल १८८० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, माँटानात आले आणि दहा-अकरा वर्षे त्यांनी गुराख्याचे काम केले, रात्री गुरांवर पहारे दिले. त्या १८८६-८७ च्या हिवाळ्यात मालकाने पत्राने विचारले की आपल्या खिल्लाराची अवस्था कशी आहे. रसेलनी हातभरही नसलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जलरंगात एक चित्र काढले: बर्फात कुबड काढून उभे असलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे एक गुरू, आणि त्याच्या पडण्याची वाट पाहणारे लांडगे. पत्राऐवजी तेच चित्र मालकाकडे गेले. 'चिनूकची प्रतीक्षा' या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून उतरणारा, बर्फ वितळविणारा उष्ण वारा. त्या हिवाळ्यात उत्तरेच्या पठारांवर लक्षावधी गुरे मेली. त्याचा हिशेब पानेच्या पाने भरून देता आला असता. रसेलनी एका जनावरात दिला. याला कोणी 'कथाचित्र' म्हणून हिणवावे! मी त्याला साक्ष म्हणतो.

फ्रेडरिक रेमिंग्टन यांची गोष्ट वेगळी. ते न्यूयॉर्क राज्यातले. कॅन्ससमध्ये मेंढपाळीचा एक अल्पकाळचा, फसलेला प्रयोग सोडला तर ते या जीवनाचे पाहुणेच होते. धुरळा उडवीत उधळलेल्या घोड्यांची त्यांची चित्रे लोकप्रिय झाली. पण त्यांचे मला सर्वांत खरे वाटणारे चित्र शांत आहे. १८९५ मधील 'काउबॉयचा अस्त' या तैलचित्रात ना गोळीबार आहे, ना दौड. बर्फाळ, करड्या उजेडात दोन थकलेले घोडे उभे आहेत. एक स्वार खाली उतरून कुंपणाचे फाटक उघडतो आहे. ज्याचे सारे आयुष्य उतरल्याविना गेले, त्याला आता कुंपणापाशी उतरावे लागते, एवढीच घटना. अस्ताचे याहून संयमी चित्र क्वचितच सापडेल.

परंतु या परंपरेने जे झाकले तेही सांगितले पाहिजे. अभ्यासकांचा अंदाज असा, की त्या काळच्या गुराख्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. शिवाय मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते. किंबहुना हा व्यवसायच मेक्सिकन 'वाकेरों'कडून शिकलेला. 'राँच', 'रोडिओ', 'लॅसो' हे शब्दही स्पॅनिशमधून आलेले. लोकप्रिय चित्रांत मात्र गोऱ्या चेहऱ्यांचीच दाटी. शब्द ठेवून घेतले, माणसे वगळली. स्मृती लबाड असते, ती अशी.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की कॅमेरा आल्यावर जनावर 'ठाऊक असण्याची' मातब्बरी ती काय? १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि सिद्ध केले की चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पुढे व मागचे मागे ताणून उडणारा घोडा, जो जेरिकोच्या १८२१ मधील एप्समच्या शर्यतीच्या चित्रात आहे, तो निसर्गात नाहीच. कॅमेऱ्याचे हे ऋण मान्य आहे. देगासारख्या चित्रकारानेही त्या छायाचित्रांचा अभ्यास केला. पण अभ्यास करणे निराळे आणि नक्कल उतरविणे निराळे. जवळून घेतलेल्या छायाचित्रात घोड्याचे तोंड वाजवीपेक्षा मोठे आणि पुठ्ठा लहान येतो. सावलीचा भाग नुसता काळा होतो, जिथे डोळ्याला तांबूस, निळसर छटा दिसतात. आजची कितीतरी अश्वचित्रे पाहताच कळते की चित्रकाराने घोडा पाहिलेला नाही, घोड्याचा फोटो पाहिलेला आहे. अंगावरच्या केसांची दिशा, माशी बसल्यावर थरथरणारी कातडी, एका पायाला विसावा देऊन उभे राहण्याची ढब हे सारे गोठ्यात उभे राहिल्याविना कळत नाही.

माध्यमाचा विवेकही येथूनच येतो. पेस्टल ही जवळजवळ शुद्ध रंगभुकटीची कांडी. बांधणारा डिंक नावापुरता. वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून जनावर दहा मिनिटे स्थिर असेल तर दहा मिनिटांत काम होते, आणि कांडीचा फटकारा केसांच्या दिशेनेच ओढता येतो. उलट ते बोट लागताच पुसते, त्याला काचेचे संरक्षण लागते आणि रंग पक्का करणारा फवारा मारला तर छटा काळवंडते. तैलरंग सावकाश वाळतो. थरावर थर देता येतात. घामेजलेल्या तुकतुकीत अंगावर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब त्यातच पुरते साधते. पेस्टलमध्ये भेट होते, तैलरंगात विचार होतो. भेटच झाली नसेल तर विचार कशाचा करणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कला म्हणजे शरीररचनेचा धडा नव्हे, मग हुसेनांच्या घोड्यांचे काय? उत्तर हुसेनांच्याच आयुष्यात आहे. इंदूरच्या मोहरममधील दुलदुल त्यांनी बालपणी पाहिला, देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली रेखाटनाची शिस्त घेतली आणि १९५२ च्या चीनभेटीत तिथल्या परंपरेतले घोडे न्याहाळले. त्यांनी मोडला तो ठाऊक असलेला घोडा. व्याकरण येणाऱ्याने नियम मोडणे आणि व्याकरण न येणाऱ्याने चुकणे यांतला भेद आपल्यासारख्या भाषेच्या उपासकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. त्याच इंदूरच्या कलाशाळेतून निघालेले नारायण श्रीधर बेंद्रे पुढे, १९५० पासून, बडोद्याच्या ललितकला विभागात शिकवू लागले. इंदूर आणि बडोदे येथील वाचकांना ही परंपरा परकी नाही; ती त्यांच्या गल्लीतून गेलेली आहे.

म्हणूनच अखेरचा प्रश्न आपल्या घरांना आहे. आपण जुन्या वस्तीची मराठी घराणी. आपल्यातील अनेकांचे पूर्वज घोड्यांच्या पाठीवरून आणि बैलांच्या गाड्यांतून या मुलखांत आले. आणि आज आपल्या दिवाणखान्यांत काय दिसते? वास्तुशास्त्राच्या नावाने टांगलेली, पाण्यातून धावणाऱ्या सात पांढऱ्या घोड्यांची छापील तसबीर! त्या सातांपैकी एकालाही नाल नाही, घाम नाही, नाव नाही. शेजारी एखाद्या सरदार पूर्वजाचे अश्वारूढ चित्र असले, तर पूर्वजाच्या पागोट्याचा प्रत्येक पीळ बारकाईने काढलेला आणि घोडा मात्र लाकडी.

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक होती. अबलख, कुमैत, सब्जा, पंचकल्याणी. दुडकी, रपेट, भरधाव. वशिंड, वेसण, आयाळ, रिकीब. हे शब्द पाहिल्यावाचून तयार होत नाहीत. बेळगावकडील कृष्णाकाठचा बैल, माळव्यातला माळवी, गुजरातेतला कांकरेज या तिघांची शिंगे तीन तऱ्हांची, चाल तीन तऱ्हांची. आज शब्द कोशात राहिले आणि जनावरे नजरेआड झाली. अमेरिकेने आपल्या वीस वर्षांच्या काळाची असत्य चित्रे पुष्कळ काढली, पण निदान रसेलचा तो पुठ्ठाही जपून ठेवला. शतकानुशतके ज्यांच्या पाठीवर आपला संसार उभा राहिला, त्या जनावरांची आपल्याकडे अशी साक्ष कोठे आहे?

मंडळांच्या चित्रस्पर्धांत 'धावते घोडे' हा विषय पुनःपुन्हा देण्याऐवजी एकदा 'उभे जनावर' हा विषय द्यावा, आणि छायाचित्रावरून केलेले काम स्वीकारू नये. मुलांना पेस्टलच्या चार कांड्या देऊन पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी गोठ्यात बसवावे. सजविलेला बैल नव्हे, सजण्यापूर्वीचा बैल काढायला सांगावा, जोखडाने घट्टा पडलेल्या मानेसह. आणि भिंतीवरची ती सात घोड्यांची तसबीर उतरवून तेथे अशा एखाद्या मुलाचे चित्र लावावे. ते सफाईदार नसेल. पण त्यातला बैल कोणाचा तरी असेल. घरात समृद्धी आणायचीच असेल, तर ज्याने ती पूर्वी वाहून आणली, त्याला आधी नीट ओळखणे हाच सरळ मार्ग आहे.