परताव्याची मुदत आणि घरांतला धाक

'एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं' ही पाटी आपल्या बाजारांत कोणाला परिचयाची नाहीं? सोलापूरच्या चाटी गल्लींत कापड घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकांना असल्या पाटीचें नवल वाटत नाहीं. आणि ती वाचूनही, घडी न मोडलेली चादर दुसऱ्या दिवशीं दुकानदारापुढें ठेवून 'एवढी बदलून द्या' म्हणणारीं वडील माणसें आपल्या घरोघर असतात. अशा वेळीं जुना दुकानदार पाटीकडे पाहत नाहीं. तो चादरीच्या घडीकडे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आणि पुढच्या लग्नसराईकडे पाहतो. पाटी कडक असली तरी व्यवहाराला वाट राहते.

आज मात्र आपल्या घरांतच एक दुकान उघडलें आहे, ज्याला गादी नाहीं, कीं ओळखीचा दुकानदार नाहीं. फोनवरील गूगलचें प्ले स्टोअर आणि ॲपलचें ॲप स्टोअर हीं तीं दुकानें होत. मुलांच्या खेळांतील हिरे आणि मोहरा, भाषा शिकविणारीं किंवा पत्रिका मांडणारीं ॲप, गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या मासिक वर्गण्या, असा माल तेथें विकला जातो. या दुकानांत गेलेला पैसा परत मिळतो काय, आणि मिळत असल्यास कोणाला मिळतो, याचा विचार आम्ही या महिन्यांत आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. ॲपला घडी नसते. चादर वापरली कीं नाहीं हें दुकानदाराला दिसतें. परंतु खेळ खेळून संपवून मग 'नको' म्हणणारें गिऱ्हाईक आणि चुकून बोट पडलेलें गिऱ्हाईक हीं दोन्ही विक्रेत्याला सारखींच दिसतात. म्हणून परताव्याची मुदत तो आंखडती ठेवतो. गूगलच्या दुकानांत पूर्वीं घेतलेलें ॲप २४ तासांच्या आंत परत करतां येई. २०१० सालीं ही मुदत एकदम १५ मिनिटांवर आणली गेली, आणि २०१४ सालीं ती दोन तासांची झाली.

सध्यांचा साधारण नियम असा आहे. गूगलच्या दुकानांत ॲप किंवा खेळांतील वस्तु घेतल्यापासून ४८ तासांच्या आंत दुकानाकडेच परतावा मागतां येतो. त्यानंतर दुकान आपल्याला ॲप तयार करणाऱ्याकडे बोट दाखवितें, आणि तो मग आपल्या मर्जीप्रमाणें देतो किंवा देत नाहीं. एकदां परत केलेलें ॲप पुन्हां विकत घेतलें, तर दुसऱ्यांदा परताव्याची आशा धरूं नये. खात्याशीं संबंध नसलेल्या परक्यानें पैसे उचलले असतील, तर तें १२० दिवसांच्या आंत कळवावें लागतें. ॲपलच्या दुकानांत यासाठीं एक स्वतंत्र तक्रारीचें पान आहे. तेथें खरेदी निवडून कारण लिहावयाचें, आणि साधारणतः एक-दोन दिवसांत होकार किंवा नकार कळतो.

वर्गणीची गोष्ट निराळी. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, फोनवरून ॲप काढून टाकलें म्हणजे वर्गणी थांबली. ती थांबत नाहीं. दुकानांतील वर्गण्यांच्या यादींत जाऊन ती रद्द करावी लागते. नाहीं तर ॲप दृष्टीआड झालें तरी पैसे दरमहा जातच राहतात. या बाबतींत रिझर्व्ह बँकेनें चांगली सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या तिच्या नियमांप्रमाणें कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास अगोदर खातेदाराला मिळाली पाहिजे. ती सूचना बँकेच्या इतर पन्नास निरोपांत दडून बसते, हा भाग वेगळा!

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एकत्र कुटुंबांत फोन आजोबांचा असतो, खातें त्यांच्या निवृत्तिवेतनाचें असतें, आणि बोट नातवाचें असतें. समजा, रविवारीं दुपारीं त्या बोटानें खेळांतील हिऱ्यांसाठीं सहाशें रुपये खर्चिले. आजोबा निजलेले आहेत. बँकेचा इंग्रजी निरोप कोणी वाचीत नाहीं. मुलाला आपण कांहीं तरी केलें एवढें कळतें, म्हणून तें गप्प बसतें. मंगळवारीं आईच्या ध्यानांत येतें. परंतु 'मुलाकडे लक्ष नाहीं' हा शब्द सासूबाईंकडून ऐकावा लागेल, म्हणून ती नवरा बाहेरगांवाहून येईपर्यंत थांबते. त्याला वडिलांपुढें विषय काढण्यास आणखी दोन दिवस लागतात. घरच्या कर्त्यापर्यंत बातमी पोहोंचते तेव्हां आठवडा लोटलेला असतो आणि ४८ तास केव्हांच सरलेले असतात. मग सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य येतें, 'या कंपन्या पैसे परत देतच नाहींत!' आम्हांस वाटतें, अशा पुष्कळ घरांत पैसा नियमामुळें बुडत नाहीं, धाकामुळें बुडतो.

मुलांच्या हातून होणारा हा खर्च कांहीं आपल्याच घरचा दोष नव्हे. अमेरिकेंत हाच प्रश्न सरकारदरबारीं गेला होता. तेथील ॲपलच्या दुकानांत एकदां परवलीचा शब्द टाकला म्हणजे पुढील १५ मिनिटें पुन्हां न विचारतां खरेदी होत असे, आणि तेवढ्या अवधींत मुलें मन मानेल तसे हिरे-माणकें घेत. आईबापांच्या हजारों तक्रारी आल्यावर तेथील फेडरल ट्रेड कमिशननें चौकशी केली. जानेवारी २०१४ मध्यें ॲपलनें निदान ३ कोटि २५ लक्ष डॉलर परत करण्याचें मान्य केलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगलनें निदान १ कोटि ९० लक्ष डॉलरांचें मान्य केलें. ॲमेझॉनविरुद्ध २०१६ सालीं न्यायालयाचा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षीं ७ कोटींहून अधिक डॉलरांच्या परताव्याची वाट मोकळी झाली. हें सारें ज्यांनीं लाज बाजूला ठेवून तक्रार लिहिली, त्यांच्या जोरावर घडलें, हें विसरतां कामा नये.

आपल्याकडील कायदाही मुका नाहीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. इंटरनेटवरून होणाऱ्या व्यापाराच्या त्यांतील व्याख्येंत डिजिटल वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. सदोष माल परत न घेणें आणि पावतींत लिहिलेल्या मुदतींत, ती लिहिली नसल्यास ३० दिवसांत, किंमत परत न करणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तेव्हां दुकानांतील ती जुनी पाटी सदोष मालापुरती तरी निरर्थक झाली आहे. २०२० च्या नियमांप्रमाणें अशा दुकानानें परताव्याच्या अटी उघड दाखविल्या पाहिजेत. त्याच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच देऊन एका महिन्यांत तिचें निवारण केलें पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें गिऱ्हाइकाला फसविणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले; त्यांत घेणें सोपें आणि सोडणें अवघड अशा वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे.

मात्र एक भेद नीट समजून घ्यावा. माल सदोष निघाला किंवा फसवणूक झाली, तर कायदा आपल्या पाठीशीं आहे. केवळ मन बदललें, तर दुकानाच्या नियमांवर भिस्त ठेवावी लागते. मुलानें केलेली खरेदी या दोहोंच्या मध्यें पडते. अठरा वर्षांखालील व्यक्तीनें केलेला करार आपल्याकडे निरर्थक असतो, हें १९०३ सालापासून प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानें ठरलेलें आहे. परंतु 'खातें वडिलांचें, परवलीचा शब्द वडिलांचा' असें उत्तर दुकानाकडून येऊं शकतें. सहाशें रुपयांसाठीं तो वाद घालीत बसण्यापेक्षां पहिल्या ४८ तासांत नम्रपणें खरें कारण लिहिणें शहाणपणाचें.

एवढ्यानेंही भागलें नाहीं, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिच्या पलीकडे आपल्या सोलापुरांतच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दुकान अमेरिकेंतील असलें तरी गिऱ्हाईक जेथें राहतें तेथें तक्रार मांडण्याची मुभा कायद्यानें दिली आहे. दिलेली किंमत ५ लक्ष रुपयांपर्यंत असल्यास फी नाहीं, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. येथें एक इशारा देतों. परताव्याच्या नांवाखालीं फोन करून पिन विचारणारे भामटे पुष्कळ आहेत. पैसे घेण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींच द्यावा लागत नाहीं. तो मागणारा इसम चोर समजावा. दुकानाशीं पत्रव्यवहार दुकानाच्याच पानावरून करावा.

घरांत तीन गोष्टींची वहिवाट पाडावी, असें आम्ही सुचवितों. प्रत्येक खरेदीच्या वेळीं परवलीचा शब्द किंवा अंगठा विचारला जाईल अशी फोनची मांडणी करून ठेवावी. पैसे गेल्याची ई-मेलनें येणारी पावती पुसून टाकूं नये. तींतील क्रमांक परतावा मागतांना उपयोगी पडतो. आणि तिसरी, या दोहोंहून महत्त्वाची, गोष्ट ही कीं, रात्रीच्या पानावर घरांतील वडील माणसानें 'आज फोनवर कोणीं कांहीं घेतलें काय?' एवढें सहज विचारावें, आणि जो खरें सांगेल त्याला त्या रात्रीं कोणींही बोलूं नये. समज द्यावयाची ती परतावा मागून झाल्यावर, दुसऱ्या दिवशीं शांतपणें द्यावी. ती सुनेलाही लागू आणि नातवालाही. आजोबांच्या हातून बोट चुकलें असेल तर त्यांनाही.

ही वहिवाट पडलेल्या घरांत ४८ तास पुष्कळ होतात. ती नसलेल्या घराला महिन्याची मुदत दिली तरी ती अपुरीच पडेल.